गालफुगी

४ मार्च

ताई,

हे पत्र समेटाचं नाही, आधीच सांगते. उगाच हुरळून जाऊ नकोस आणि भाऊजींना हाक मारून वाचून दाखवू नकोस. पलीकडे तुम्ही दोघं काय बोलता ते मला इकडे अक्षर न् अक्षर ऐकू येतं. प्लास्टिकचा पडदा आहे तो, भिंत नाही. परवा मला 'जिभेला हाड नाही तिच्या' म्हणालीस, तेही ऐकलं.

लिहितेय ते टाकीबद्दल. आई गेल्यावर तुम्ही इथे राहायला आलात आणि काचघराची वाटणी करताना तेवढी टाकी कापता आली नाही, म्हणून ती सामाईक राहिली. टाकीचं काही विचारायचं झालं तर चिठ्ठी लिहून झाकणावरच्या विटेखाली ठेवायची, तोंडानं बोलायचं नाही, हे तूच ठरवलंस. तर ही चिठ्ठी. लांबली तर तुझं नशीब.

माझ्या झाडांची पानं पिवळी पडायला लागलीत. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. तुझ्याकडे काय आहे ते नीट बघून कळव. वरवर बघून 'बरी आहेत' असं लिहू नकोस. आईची तब्येतही तू फोनवर अशीच विचारायचीस आणि मी 'बरी आहे' म्हटलं की सुटलीस असं तुला वाटायचं.

तुला माहीत आहे तरी लिहिते, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं. गालफुगीचं बी आता कुणाकडे नाही. डबा रिकामा आहे. आई आजारी होती म्हणून गेल्या हंगामात लावणच झाली नाही, बी जुनं झालं, म्हणून आपण होतं नव्हतं ते सगळं पेरलं. चमच्यानं वाटून! भाऊजी शेजारी उभे राहून बघत होते, माझा चमचा जास्त भरतो की काय. निम्म्याहून जास्त उगवलंच नाही. आज जी झाडं उभी आहेत ती शेवटची. त्यातल्या एखाद्यावर एक तरी धड फळ पूर्ण पिकायला हवं आणि त्यातून बी काढता यायला हवं. नाहीतर आईनं आणि तिच्या आईनं जपलेला टोमॅटो आपल्या हातात संपला असं होईल. बाजारात ढीगभर टोमॅटो मिळतील गं. गालफुगी नाही मिळणार.

तू टाकीत किंवा खताच्या पिंपात काही घातलं आहेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

— पडद्याअलीकडची


९ मार्च

ताई,

हो किंवा नाही विचारलं तर तू उलट प्रश्न पाठवलास. 'वरची की खालची?' बाकी कागद कोरा. कागद वाया घालवायला तुझा हात कधीच आखडला नाही.

आईचा प्रश्न तू विचारावास याचा मला आधी राग आला. मग मी गेले आणि बघितलं. खालची. सगळी खालची. वरचा शेंडा अजून हिरवागार आहे. आई काय सांगायची ते तुला आठवत असेल तर बरंच आहे. खालची पिवळी पडली तर झाड जुन्या पानातलं काढून कोवळ्याला देतंय, म्हणजे त्याला बाहेरून मिळत नाहीये. वरची बिघडली तर जे कमी आहे ते झाडाला इकडून तिकडे हलवता येत नाही, म्हणजे कॅल्शियम नाहीतर लोह.

आणि मग दुपारी तुझी दुसरी चिठ्ठी आली. 'नायट्रोजन कमी असेल, खत वाढव.' अगं शहाणे, नायट्रोजन कमी पडलं की अख्खं पान फिकं होतं, शिरांसकट. हे मॅग्नेशियम आहे. आणि खतात ते आहे, भरपूर आहे, मग झाडाला का मिळत नाही? कारण झाडाच्या आधी पिशव्यांतलं कोकोपीट, तो नारळाच्या काथ्याचा भुसा, खातंय.

आता भाऊजींना बोलले म्हणून नाक मुरडू नकोस. त्या पिशव्या त्यांनी आणल्या. 'धुतलेलं कोकोपीट आहे, पिशवीवर छापलंय' असं छाती फुगवून सांगत होते. छापलेलं सगळं खरं मानणारा माणूस. आई कधी छापलेल्यावर विसंबली का? नवीन कोकोपीट आलं की ती आधी साध्या पाण्यानं धुवायची, मग कॅल्शियमच्या पाण्यात भिजत टाकायची, आणि निथळलेलं पाणी बोटावर घेऊन चाटायची. काथ्याच्या अंगात नुसतं मीठ भरलेलं असतं. ते मीठ सोडून तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून बसतो, आणि त्याचं पोट भरेपर्यंत झाडाला उपास. म्हणून त्याचं पोट आधीच भरायचं, मग झाड लावायचं. लावणीच्या वेळी मी म्हटलं होतं, चाटून बघूया. तू म्हणालीस, 'शी, काहीतरीच काय.'

आज मी चाटलं. खारट आहे.

मीटरनं मोजलं असतं, पण क्षार मोजायचं मीटर वाटणीत तुझ्याकडे गेलं आणि ते तपासायच्या द्रावणाची बाटली माझ्याकडे आली. दोन्ही निरुपयोगी. वाटणी मात्र अगदी बरोबर झाली.

उपाय एकच आहे. सगळ्या पिशव्या, तुझ्या आणि माझ्या, एकदमच कॅल्शियमच्या हलक्या पाण्यानं धुऊन काढायच्या, निचरा खारट लागेनासा होईपर्यंत. त्यानंतर पिंप स्वच्छ करून मॅग्नेशियम. टाकी एक आहे आणि पिंप एक आहे, म्हणून हे एकटीनं होणार नाही. आणि पिंपाचं लक्षात ठेव. घट्ट द्रावणात ही दोन खतं एकत्र आली की दूध नासावं तसं नासतं आणि पिशव्यांत थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर बुजतात. चिठ्ठी टाकल्याशिवाय पिंपात कुणी चिमूटभरही घालायचं नाही, असं ठरलं आहे. कधी धुवायचं ते कळव.


१५ मार्च

ताई,

वा. मी लिहिलं काय, तुझं उत्तर काय.

मला वाटलं होतं धुवायचा वार कळवशील. त्याऐवजी आधी भाऊजींचा अपमान झाला, मग मी तुला लहानपणापासून कशी पाण्यात बघते, आणि शेवटी हे, की टोमॅटोला नाव तुझं आहे म्हणून त्याचं काय करायचं ते तू ठरवणार. आणि पिशव्या धुवायच्या नाहीत, कारण धुतल्या तर भाऊजी चुकले असं होईल! म्हणजे झाडं मेली तरी चालतील, भाऊजी बरोबर राहिले पाहिजेत.

नाव तुझं आहे, खरं आहे. लहानपणी रुसलीस की तू गाल फुगवून टाकीमागे जाऊन बसायचीस. आईनं त्या फुगीर टोमॅटोला तुझ्यावरून नाव दिलं. मला माहीत आहे. पाणी मी घातलं, आधाराची सुतळी मी बांधली, कीड मी वेचली, आई अंथरुणाला खिळल्यावर काचा मी पुसल्या, आणि नाव तुझं. मी कधी त्यावर चकार शब्द काढला नाही.

पण आज काढते, कारण तू मला बोलायला लावलंस. शेवटी शेवटी आई सारखी विचारायची, 'गालफुगी कुठाय? गालफुगी आली का?' टोमॅटो विचारत होती की तुला, ते मी तिला विचारलं नाही. दोन्ही घरात नव्हतं. ताटलीत फळ नव्हतं आणि दारात तू नव्हतीस. मी तिला सांगायचे, येईल. दुसरं काय सांगणार होते?

तेव्हा नावाचं मला सांगू नकोस.

पिशव्या धुवायच्या आहेत. शेवटचं सांगते. पहिली फळं सुपारीएवढी झालीत, आता उशीर झाला तर त्यांचं बूड काळं पडेल. तुझा नवरा बरोबर होता असं मी कागदावर लिहून देते, सही करून देते. पण धुवू दे.


२१ मार्च

ताई,

बूड काळं पडलं. माझ्याकडची पहिली तिन्ही फळं. खालून चामड्यासारखी काळी आणि चपटी. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण, तुलाही कळतं.

तुझ्याकडेही तेच असणार. काल तू पलीकडे 'अगं आई गं' म्हणालीस ते मी ऐकलं. फळ तोडून बादलीत टाकल्याचा आवाजही ऐकला. विचारणार होते, पण आपलं तोंडानं बोलायचं ठरलेलं नाही.

तू विचारलं आहेस, मी पिंपात काही घातलं का. नाही. मी पिंपाला हातही लावलेला नाही. माझी नवीन पानं जरा बरी दिसताहेत म्हणून तुला शंका येत असेल, तर ती तुझ्या मनाची गोष्ट आहे. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, नवीन येतं तेच बघायचं असतं, आणि नवीन कधीकधी आपोआप बरं येतं.

टाकीचा तो गळका जोड भाऊजी दुरुस्त करणार होते. कडेच्या माझ्या झाडाच्या पिशवीत दिवसभर टपटप पाणी पडतंय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.


२८ मार्च

ताई,

आज तरी समोर येऊन बोलशील असं वाटलं होतं. सकाळी आपण दोघी पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या होतो. तुझी सावली मला दिसत होती. तू हात तोंडावर धरला होतास. मीही तेच केलं होतं. मग तू गेलीस.

म्हणून लिहिते. मी खोटं बोलले होते. पानं जरा हिरवी दिसली ती आपोआप नाही. मी गुपचूप एकदा पिंपातून थोडं मॅग्नेशियम सोडलं होतं आणि पिंप धुऊन ठेवलं होतं. कुणाला कळलं नाही म्हणून धीर आला. शनिवारी सकाळी तू बाजारात गेलीस तेव्हा पुन्हा घातलं, या वेळी चांगलं ओंजळभर. मला वाटलं, तू हट्ट सोडणार नाहीस, निदान खालची पानं तरी वाचवू.

आणि तू दुपारी, मी जेवायला घरी गेले तेव्हा, कॅल्शियम घातलंस. नाही म्हणू नकोस. कॅल्शियमच्या पोत्याच्या तोंडाला दुहेरी गाठ होती. घरात तशी गाठ फक्त तू मारतेस. आई म्हणायची, 'हिनं बांधलेलं सोडायला कात्री लागते.'

तूही तेच केलंस, ताई. मी सांगितलेलं तू ऐकलंस, फक्त मला कळू न देता. मला हसावं की रडावं कळेना. मी लिहिलेलं सगळं तू वाचलंस, पटलंही, आणि भाऊजींसमोर ते कबूल करायला नको म्हणून चोरून केलंस. आणि मी तुझ्यासमोर वाट बघतेय असं दिसायला नको म्हणून चोरून केलं. दोघींचं औषध बरोबर होतं. एका पिंपात, एका दिवशी. एक चिठ्ठी टाकली असती तर?

पिंपात पांढरा गाळ बसलाय, नासलेल्या दुधासारखा. एकूण एक ड्रिपर बुजलाय. रविवारी कुणी आलं नाही. मोटर वेळेवर सुरू झाली, वेळेवर बंद झाली, पाणी कुठेच गेलं नाही, आणि वर काचेतून ऊन. कोकोपीट एका दिवसात कोरडं ठणठणीत होतं. सोमवारी आले तर सगळ्या माना खाली. पाणी घातलं, शेंडे छाटले, कपडा ओला करून वर टाकला. तुझ्या बाजूलाही बादल्यांचा आवाज येत होता. दोन दिवस नुसता बादल्यांचा आवाज.

आज सगळी वाळली. तुझीही वाळली असणार, कारण तुझ्या बाजूनं आता काहीच आवाज येत नाही.


६ एप्रिल

ताई,

एक जगलंय!

कडेचं. टाकीच्या गळक्या जोडाखालचं. भाऊजींनी जो जोड दुरुस्त केला नाही त्याखालचं. सगळीकडचं पाणी बंद झालं तेव्हा त्याला टपटप मिळत राहिलं. आणि आपलं पाणी जड, त्यात कॅल्शियम असतंच. इतके दिवस टपकून टपकून त्या एका पिशवीतलं कोकोपीट धुऊन निघालं आहे. मी निचरा चाटला. मीठ नाही. जे आपण दोघी मिळून करणार नव्हतो ते त्या गळतीनं केलं. भाऊजींना सांग, त्यांच्या आळसाचे आभार मानते, मनापासून.

झाड माझं आहे, पण उजेड तुझ्या बाजूला जास्त, म्हणून त्याची एक फांदी पडद्याखालून तुझ्याकडे गेली आहे. त्या फांदीला फळ आहे. मी पालथी पडून पडद्याखालून बघितलं. एकच आहे. हिरवं, आणि बूड स्वच्छ. एक गाल दुसऱ्यापेक्षा जास्त फुगलेला, अगदी तुझ्यासारखा.

ताई, मी हात जोडते. आता भांडण नको. ते फळ पूर्ण लाल होऊन देठापाशी मऊ पडेपर्यंत त्याला हात लावू नकोस, लावू देऊ नकोस. कच्च्या फळातलं बी उगवत नाही. फांदी मी इकडे ओढत नाही, मोडेल म्हणून. तुझ्याच बाजूला राहू दे. पिकलं की तूच तोड. बी तू काढ, तू वाळव, डब्यावर तुझं नाव लिही. मला त्यातल्या चार बिया दे किंवा देऊ नकोस. फक्त ते पिकू दे.

मला भीती वाटते. झोपेत मी ते फळ तुटलेलं बघते.

तू यावर काही लिहिलं नाहीस तरी चालेल. फळ फांदीवर दिसत राहिलं की मला उत्तर मिळालं.


१२ मे

ताई,

हे पत्र विटेखाली ठेवत नाही. तू चिठ्ठीवर नवीन पत्ता लिहून गेलीस, त्या पत्त्यावर टाकते.

भाऊजींना नोकरी लागली ते मला तुम्ही सामान बांधताना कळलं. पडद्याआडून सगळं ऐकू येतं म्हणाले ना मी. सेलोटेपचा आवाज आला. मी बाहेर आले नाही. मला वाटलं, तू जाताना पडदा बाजूला करशील, निदान फळाचं सांगायला. मी आतल्या आत शब्द जुळवून ठेवले होते. 'सावकाश जा' असं म्हणणार होते. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

विटेखाली तुझी चिठ्ठी होती आणि शेजारी वाटी होती. वाटीत अर्धा टोमॅटो, वर ओलं फडकं. 'अर्धं तुझं, अर्धं माझं. आईचं कुणा एकीचं नाही. आता भांडण नको.'

तू चांगल्या मनानं केलंस, हे मला कळतं. तेच मला सहन होत नाही. चोरलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या. अख्खं घेऊन गेली असतीस तर ते निदान तिकडे खिडकीत पिकलं असतं. तू सुरी घेतलीस, मधोमध ठेवलीस, फुगलेला गालही बरोबर अर्धा अर्धा केलास, आणि कापलंस. मी डोळे मिटून सांगू शकते, तू कापण्याआधी दोनदा मापलं असणार. आणि ते हिरवं होतं, ताई! आत अजून घट्ट, फिकट. मी लिहिलं होतं ना, कच्च्यातलं उगवत नाही? तू वाचलं होतंस ना?

की तुला वाटलं, तू गेल्यावर पिकलं तर ते सगळं माझं होईल?

बिया पांढऱ्या आणि मऊ होत्या. नखानं दाबल्या की पाणी. तरी मी पेरल्या. कोकोपीट स्वच्छ धुतलं, कॅल्शियमच्या पाण्यात भिजवलं, निथळवलं, चाटलं. गोडं लागलं. मग मॅग्नेशियम, वेगळ्या दिवशी, पिंप घासून. सगळं आईसारखं केलं. रोज बघते. वर काही आलं नाही, आणि आता येणारही नाही.

झाडानं फळ तुटल्यावर पुन्हा धरलं नाही. फुलं येतात आणि गळतात. परवा त्याचा शेंडाही सुकला.

पडदा मी काढला. काचघर एवढं मोठं होतं हे मी विसरूनच गेले होते. तुझ्या बाजूला कोपऱ्यात क्षारांचं मीटर सापडलं, पुसून फळीवर ठेवलेलं. खाली काही लिहिलं नव्हतं.

एवढंच विचारायचं आहे. तुझ्या अर्ध्यात गाभ्याजवळ एखादी तरी बी कडक होती का? पिवळट, जराशी लव आलेली, नखाखाली न फुटणारी? कधीकधी एका बाजूची आधी भरते. उन्हाकडची बाजू तुझ्याकडे होती.

असली तर कळव. मी येईन, तू म्हणशील तेव्हा येईन, उंबऱ्याबाहेर उभी राहून घेऊन जाईन.

नसली तर मात्र उत्तर पाठवू नकोस. 'गालफुगी आली का?' असं आता मीच दारातल्या पत्रपेटीला विचारत बसेन, आणि मीच सांगेन, येईल.

तुझी धाकटी